जावेच्या हातचा रस

माझं माहेर अकोल्याचं आणि सासर वरुडाकडचं. अकोल्यात आमच्या घरी संत्रं यायचं ते कुणी आजारी पडलं तर, नाहीतर दिवाळीला. सासरी आले तर दाराबाहेरच बगीचा. झाडाखाली पडलेलं फळ गुरंसुद्धा सोडून जायची. पहिल्या हिवाळ्यात मी इतकी संत्री खाल्ली की तोंड आलं. सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "शहराची पोरगी हाय, खाऊ द्या."

काही वर्षं त्या घरात मी एकटीच सून होते. पाहुणा आला की त्याला काय द्यायचं हे मी ठरवायची. व्यापारी बगीचा बघायला आले की मी संत्र्याचा रस काढून बाहेर पाठवायची. रस जरासा कडू व्हायचा, पण सगळ्यांचाच होत असेल असं मी धरून चालले होते. कुणी कधी तक्रार केली नाही.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. मुलगी मोर्शीकडची, बगीच्यातच वाढलेली. काळीसावळी, बारीक, बोलायला कमी. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी अमरावतीचे एक व्यापारी आले. मी चुलीपाशी होते म्हणून सासूबाईंनी रस काढायला तिला सांगितलं. तिनं फोडींवरच्या पांढऱ्या शिरा एक एक करून काढल्या, बिया काढल्या, फोडी धुतलेल्या धोतराच्या फडक्यात घेतल्या आणि तळहातानं एकदाच दाबल्या. चोथ्यात निम्मा रस तसाच राहिला.

"अवं, अजून पीळ ना," मी म्हणाले. "वाया चालला."

"पिळला त कडू होते, बाई," ती म्हणाली, आणि चोथा गाईच्या घमेल्यात टाकला.

बाहेरून आमच्या ह्यांचा आवाज आला. "आज रस कोनं काढला?" व्यापाऱ्यानं दुसरा पेला मागितला होता. माझ्या रसाचा दुसरा पेला कधी कुणी मागितला नव्हता, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. चुलीतलं लाकूड मी इतक्या जोरात आत सारलं की राख पोळीवर उडाली.

त्या दिवसापासून रसाचं काम तिच्याकडे गेलं. कुणी मला म्हटलं नाही की तू करू नकोस. पण पाहुणा आला की हाक तिला. मी दुपारी सगळे झोपल्यावर तिच्यासारखाच रस काढून पाहिला. शिरा काढल्या, बिया काढल्या. पण अर्धा रस चोथ्यात सोडायची वेळ आली की माझा हात थांबेना. अकोल्यात एका संत्र्यात तीन भावंडांनी वाटा घेतलेला. ते कसं टाकवणार? शेवटी मी पिळायचीच, आणि तो कडूच व्हायचा.

जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि रेल्वेचे डबे फौजेकडे जाऊन आम्हाला मिळेनासे झाले. एरवी आमची संत्री बैलगाड्यांनी बडनेऱ्याला जायची आणि तिथून गाडीत बसून मुंबई-कलकत्त्याला. आता भरलेल्या करंड्या फलाटावर पडून राहायच्या. व्यापारी सगळ्या फळाचे एकरकमी पैसे देऊन बगीचा उक्ता घ्यायला कचरायला लागले. घरात रोज एकच विषय, फळाचं काय करायचं.

माझ्या मोठ्या भावाचं अकोल्यात सोड्याचं मशीन होतं. गोळीच्या बाटल्या भरून तो नाटकगृहाला आणि बाजारातल्या दुकानांना द्यायचा. दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, "संत्र्याचा रस बाटलीत भरून पाहू. लेमनपेक्षा लोक त्याले जास्त पितीन. पण रस कडू नसला पाहिजे."

मला वाटलं, आता काहीतरी आपल्या हातून होईल. बगीचा सासरचा, मशीन माहेरचं, आणि मधे मी. मी सासरी येऊन सांगितलं. मामंजी विचार करून म्हणाले, "चांगलं हाय. पन रस काढाले धाकटीले पाठवा."

बस्स. माझ्याच तोंडून निघालेल्या गोष्टीत ती पुढं आणि मी तिच्या सोबतीला.

आम्ही मोटारीनं अमरावतीला, तिथून बडनेऱ्याला आणि मग गाडीनं अकोल्याला गेलो. दीर करंड्या सांभाळत होता. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा धाकटीनं खिडकीतून फलाट पाहिला आणि विचारलं, "अकोलं याच्यापेक्षा मोठं हाय का?" तिनं त्याआधी अमरावतीसुद्धा पाहिली नव्हती. मी तिला अकोल्याचा बाजार, मोर्णा नदीवरचा पूल, कापसाच्या गाड्यांच्या रांगा, सगळं सांगितलं. सांगताना मला बरं वाटत होतं. निदान तिथं तरी मी तिला दाखवणारी असणार होते.

पण घरी पोचलो आणि माझ्या आईनं तिला जवळ घेतलं. तिची आई लहानपणीच गेली होती, पण त्याबद्दल ती आमच्या घरी इतकी वर्षं कुणाशी बोलली नव्हती. माझ्या आईला मात्र तिनं हात-पाय धुवायच्या आत सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या सकाळी मी न्हाणीतून बाहेर आले तर आई ओट्यावर बसून तिचे केस विंचरत होती. माझ्या लहानपणीची लाकडी फणी. धाकटीचे डोळे मिटलेले. मी ओले केस तसेच घेऊन उभी राहिले. आई म्हणाली, "तूबी बस, हिचं झालं की तुह्ये इंचरते." मी म्हणाले, माझे मी विंचरीन.

संध्याकाळी धाकटीनं रस काढला, भावानं बाटल्या भरल्या. दुसऱ्या दुपारी नाटकगृहात खाण्यापिण्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ चाखायला आले. भावानं गोळी दाबून बाटली उघडली, त्यांना दिली, एक स्वतः घेतली. एक घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. अंगणात जाऊन तो थुंकला.

"हा त कडूजहर झाला," तो म्हणाला.

दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली. सगळ्या कडू. माझ्या रसापेक्षाही कडू. मी दाराआड उभी होते आणि मला जे वाटलं ते आनंदच होता. गार पाणी प्यायल्यावर छातीत उतरत जातं तसा तो उतरत गेला. इतकी वर्षं जी एक गोष्ट तिला येत होती, ती माझ्या घरात, माझ्या माणसांसमोर फसली होती.

धाकटी रडली नाही. तिनं कडू बाटलीतला रस बोटावर घेऊन चाखला. मग म्हणाली, "बाटलीत भरल्यानं कडू झाला. आमच्या घरी आमी कधी ठिवतच नाई. काढला की पेते." करंडीतून चार संत्री घेऊन ती तिथंच ओसरीवर बसली. सोलली, शिरा काढल्या, फडक्यात एकदाच दाबली आणि पेला त्या गृहस्थांपुढे ठेवला.

ते प्यायले. पेला खाली ठेवून म्हणाले, "बाटल्या नका देऊ मले. हे द्या. नाटकगृहाच्या बाजूले माही एक खोली रिकामी हाय. तिथं समोर सोलून, समोर पिळून द्या."

ज्या फजितीवर मी दाराआड खूश होत होते, तिच्यातूनच तिचं दुकान निघालं.

घरी परतल्यावर मी ह्यांना म्हणाले, "दुकान आपणच घालू ना. अकोलं मले माहीत हाय. मी चालवीन."

"अन् बगीचा कोन पाहीन?" हे म्हणाले. "मोठा मी हाय. मले निघता येत नाई." मग म्हणाले, "अन् रस तुले जमत नाई."

ते रागानं बोलले नाहीत. खरं तेच बोलले, म्हणून जास्त लागलं.

दीर आणि धाकटी अकोल्याला राहायला गेले. पुढं दीर गिऱ्हाइकाशी बोलायचा, आणि घरच्या बाईनं लोकांसमोर बसू नये म्हणून ती पडद्यामागं ताजा रस काढायची. दुकान चाललं. नाटक सुटलं की रांग लागायची, असं येणारे-जाणारे सांगायचे. आमच्या करंड्या आठवड्याच्या आठवड्याला जायच्या; बडनेऱ्यापासून गाडीवानच त्या रेल्वेनं सोबत घेऊन अकोल्याला पोचवायचा. दर वेळी गाडीवान परत आला की मी विचारायची, माझी आई कशी आहे. तो सांगायचा, "बरी हाय. दुकानावरच असते दुपारची. धाकट्या बाईसंगं शिरा काढत बसते."

माझी आई. माझं गाव. मी वरुडात बसून मोटेचा आवाज ऐकत राहायची, आणि तिकडं मोर्शीची पोर माझ्या गल्लीतून रोज जायची. मी माहेरी गेले की शेजारच्या बायका मला आधी तिच्याबद्दल विचारायच्या. भावाची मुलं तिला मावशी म्हणायची. मला आत्या म्हणायची, तेही आठवण करून दिल्यावर.

एका हिवाळ्यात ती फळ तोडायच्या वेळी बगीच्यात आली. सकाळी चहा न घेताच बाहेर पडली ती बराच वेळ परतली नाही. मी शोधायला गेले तर ती विहिरीजवळच्या वाफ्यात उकिडवी बसली होती. ओल्या मातीत दोन्ही हात घातलेले.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"काई नाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, खरं सांगू? मले तुमचा लय राग येते."

"माझा? मी काय केलं?"

"काई नाई केलं. पन तुमी अठी राह्यता. झाडाले फूल येते ते तुमाले दिसते. मले त करंडीतलंच फळ दिसते. दिवसभर पडद्यामागं बसून सोलत राह्यते. गाडीवान आला की मी त्याले इचारते, कोनत्या झाडाचं हाय म्हून. त्याले काय मालूम."

मी तिच्या शेजारी बसले. मला सांगावंसं वाटलं की मलाही तुझा राग येतो, फार वर्षांपासून. सांगितलं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मले मालूम हाय." तेवढंच. मग आम्ही दोघी चहा प्यायला घरी आलो. माझं मन हलकं झालं असं मी म्हणणार नाही. पण ती मला हेवा करण्याजोगी समजते, हे कळल्यावर त्या दिवसाचा स्वयंपाक मी गुणगुणत केला.

जाताना तिनं एक कलम मुळाशी माती बांधून सोबत नेलं आणि दुकानामागच्या अंगणात लावलं. माझी आई त्याला पाणी घालायची. मी दर खेपेला आईला विचारायची, "झाडानं फळ धरलं का?" आई म्हणायची, "फुलते अन् गळून जाते. उन्हाळा लय हाय." मला ते ऐकायला आवडायचं. अकोल्यात सगळं तिचं झालं, पण झाड आमच्याच मातीत येतं, एवढं तरी माझं होतं.

पुढं काही वर्षांनी एका गाडीवानानं कनवटीतून रुमालात बांधलेलं एक संत्रं काढून माझ्या हातात दिलं. अकोल्याच्या झाडाचं पहिलं फळ, आईनं माझ्यासाठी पाठवलेलं. झाडाला ते एकच आलं होतं, आणि धाकटीनं तेही स्वतःला ठेवलं नव्हतं.

लहानसं होतं, साल जाड. मी ओट्यावर बसून सोललं. आंबट होतं, डोळ्यांत पाणी येण्याइतकं. मी कुणाला एक फोडही दिली नाही. सगळं एकटीनं खाल्लं.