जॉबरमामांचा कान

वीस माग एकदम खडखडत असताना कारखान्याच्या दारात चप्पल काढता काढता जॉबरमामा सांगायचे, "सातव्याचा धोटा आपटतोय." आणि आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तो धोटा खरंच आपटत असायचा. शहराच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत, ही गोष्ट अजून सांगतात. यंत्रमाग दुरुस्त करणारा तो जॉबर. मामांनी जन्मभर तेच केलं आणि काम सुटल्यावर तो कान गाण्याला लावला. मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे आणि एका कंपनीचं नेटवर्क घरून सांभाळायचे. त्यामुळे या प्रकरणाची मी साक्षीदार आणि बरेचदा बळीसुद्धा.

पुण्याच्या मुलाने त्यांना इंटरनेटवरून गाणी वाजवणारं यंत्र आणि दोन दणकट स्पीकर पाठवले. राउटर पुढच्या खोलीत, यंत्र मागच्या. मध्ये नेटवर्कचा स्विच आला. म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, एका वायरीतून आलेलं इंटरनेट चार-पाच वायरींना वाटून देणारी डबी. खरं तर प्रकरण तिथंच संपायचं. पण मामांनी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला आणि पहिल्या डबीपुढे दुसरी जोडली.

"पहिल्यात जाडं गाळलं जातं, दुसऱ्यात बारीक," ते मला म्हणाले. "तबला कसा सुटा सुटा ऐकू येतोय बघ की."

"मामा, गाणं आकड्यांत येतं. एक तर पोचतं, नाही तर पोचत नाही. मध्ये गाळायला काही नसतं."

"चादर पण दुकानात पोचतीच की. पोत बघावं लागतं, पोरी."

पाहुणे आले की चहाच्या आधी डब्यांचं दर्शन व्हायचं. धूळ बसू नये म्हणून मामींनी क्रोशाचा रुमाल विणून त्यांच्यावर घातला होता. डब्या तापतील म्हणून तो मी भांडून काढायला लावला, तेव्हा मामी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मामांना सुटं टोक सहन व्हायचं नाही. धागा तुटला की गाठ मारायची, हे हाताचं वळण. एका सकाळी त्यांना पहिल्या डबीतून निघालेल्या जादा वायरीचं टोक लोंबताना दिसलं. त्यांनी ते त्याच डबीच्या रिकाम्या भोकात बसवून टाकलं. आता वायर जिथून निघाली तिथंच परत गेली, आतलं सगळं गोल गोल फिरत राहिलं आणि घरभरचं इंटरनेट ठप्प झालं. माझी वायरही त्याच डबीतून वर यायची. साहेबांना कामाचा अहवाल देता देता मी अर्ध्या वाक्यात गायब झाले. तरातरा खाली गेले तर डबीचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते आणि मामा समोर खुशीत उभे.

"कसं जोमात चाललंय बघ!"

"कुणी जोडलं हे?"

"सुटं टोक होतं. जोडून टाकलं."

माझं डोकं फिरलं. वायर उपटली आणि तिथंच पैज लावली. डोळे मिटून बसा. मी दहा वेळा कधी एक डबी ठेवीन, कधी दोन. किती आहेत ते नुसतं ऐकून सांगा. चुकलात तर दुसरी डबी कायमची निघणार.

"एमंडी, नका," मामी आतून म्हणाल्या. नवऱ्याला त्या तेलुगूतल्या 'अहो'नेच हाक मारायच्या.

मामा हसले नाहीत. "डबीचं काय घिऊन बसलीस? चुकलो तर माझा कानच ग्येला म्हणायचा."

मामींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "डॉक्टर म्हणले, बारीक आवाज आता ऐकू येत न्हाईत त्यांना. कागद फाडून टाकला त्यांनी. नको करू गं." मी कच खाल्लीच होती, पण बाहेरून हाक आली, "चल, लाव की." मामा खुर्चीत ताठ बसले होते, हात मांडीवर, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

दहा वेळा झालं. पाच बरोबर, पाच चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. मला आनंद व्हायला हवा होता, कारण भांडणात जिंकायला मला मनापासून आवडतं. पण मामांनी डोळे उघडले आणि ते इतके घाबरलेले होते की माझ्या तोंडून निघून गेलं, "दहापैकी नऊ!"

मग काय विचारता! शिकल्या-सवरल्या पोरीनं तपासून दिलंय म्हणून गल्लीभर झालं. शेजारच्या दोन घरांत डबीपुढे डबी लागली आणि ती जोडायला मलाच बोलावणं आलं. एका गृहस्थांनी विचारलं, तिसरी लावली तर? "दोन पुरे," असं मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. माझ्या विद्येची एवढी बेअब्रू दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याला सोडलं नसतं. मामी मात्र त्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळी शेंगापोळी काढून ठेवायला लागल्या.

वर्षभराने मुलगा दोघांना पुण्याला न्यायला आला. मी सामान बांधू लागले होते. दोन्ही डब्या खोक्यात ठेवल्या, तर मामांनी त्यातली एक उचलून माझ्या हातात दिली.

"ही र्‍हाऊ दे तुला. एक बास झाली."

"का हो मामा?"

"चौथ्यापासनं मला काईच कळंना झालतं," ते शांतपणे म्हणाले. "मग नुसतं एक-दोन, एक-दोन म्हणत ग्येलो. आन तू म्हणलीस नऊ."

मला तोंड कुठं लपवू असं झालं. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कशाला?" मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या नऊवर वरीसभर लई झ्याक ऐकलं मी."