तुझं झालं की मला दे

त्या वर्षी माझी आणि देवीची जरा तणातणीच चालली होती. लढाईचे दिवस होते. लोणावळ्याच्या स्टेशनातून पलटणींनी भरलेल्या गाड्या घाट उतरून जात. यजमान रेल्वेत, त्यामुळे बिऱ्हाड स्टेशनाजवळच; त्या गाड्या बघितल्या की घास गोड लागत नसे. मोठ्यांना शहाणं करणं माझ्या हातात नव्हतं. म्हटलं, लहानांपासून सुरुवात करू. म्हणून शेजारच्या कुसगावात, गावदेवीच्या सभामंडपात, शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या पोरांचा बिनपगारी वर्ग काढला. न भांडता खेळायचं, एवढंच शिकवायचं. अडचण एकच, माझा स्वभाव. ‘मारामारी करायची नाही’ हे मी अशा आवाजात सांगत असे की ओढ्यापलीकडची गुरं चरायची थांबत. घरी आले की हे विचारत, शांततेचा वर्ग घेऊन आलीस की आघाडीवरून आलीस?

वर्गात खेळणं एकच, चाकांचा लाकडी बैल. त्याच्यावरून रोज झोंबाझोंबी. शेवटी मी पोरांना एक वाक्य शिकवलं. बैल दुसऱ्याच्या हातात असेल तर ओढायचा नाही. हात पुढे करायचा, ‘तुझं झालं की मला दे’ म्हणायचं आणि थांबायचं. पोरांना ते वाक्य असं काही आवडलं की विचारू नका. कुणी बापाच्या बिडीपुढे हात केला, कुणी वैरण खाणाऱ्या म्हशीपुढे. इथवर गावानं हसून घेतलं. पण सुभेदार आबांची चिमुरडी नात चिमी, तिची भाकरी चुलतभावानं पळवली, तेव्हा घराण्याच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या झिंज्या उपटायचं सोडून हात पुढे करून उभी राहिली. आबा मागच्या मोठ्या लढाईत लढून पेन्शनीवर आलेले, गावात त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. ते तडक मंडपात आले.

“बाई, सुभेदाराची नात भाकरीसाटी हात पसरती,” ते म्हणाले. “ही शांतता न्हाई, ही भीक हाय. मंडप रिकामा करा.”

खरं सांगते, मलाही शंका आली. मी पोरांना भांडणापासून सोडवत होते की नुसती बावळट करून ठेवत होते? भाताची कापणी चालू होती, आया शेतावर. आबांच्या विरोधात जाऊन कुणी आपली ओसरी दिली नसती. मंडप गेला की वर्ग संपला. शेवटी गुरवानं मध्ये पडून सांगितलं की जागा देवीची आहे, देवीलाच कौल लावू. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर वर्ग राहील, डावं पडलं तर उठेल.

सकाळी फुलं लावली. गाव जमलं. मी डोळे मिटून देवीची विनवणी केली. मग आठवण करून दिली की दर नवरात्रात मी तुझी ओटी भरते. मग सरळ धमकी दिली की आज उजवं पडलं नाही तर पुढच्या वर्षी खणाची वाट बघू नकोस. फुलं जागची हलेनात. उन्हं मंडपात शिरली, गुरवाची कंबर धरली, आबा मिशीवरून हात फिरवत बसले. आणि तेवढ्यात डावं फूल जरासं खाली सरकलं. मी देवीवर इतकी चिडले की सांगायची सोय नाही.

तेवढ्यात चिमी उठली. कुणी अडवायच्या आत गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली, हात पुढे केला आणि देवीला म्हणाली, “तुजं झालं की मला दे.” आणि थांबली. ना हट्ट, ना घाई. मंडपात कुणी हसलंसुद्धा नाही. जरा वेळानं फूल पडलं. उजवं.

वाऱ्यानं पडलं असेल, पाणी सुकून पडलं असेल. मी त्या वादात पडत नाही. पडलेलं फूल मागणाऱ्याच्या हातावर ठेवायचं असतं, आणि मागणारी तर तीच होती. तिनं ते हुंगलं, कानामागे खोचून पाहिलं. मग शेजारच्या पोरानं हात पुढे केला. फूल या हातातून त्या हातात मंडपभर फिरलं आणि चार पाकळ्या उरल्यावर पुन्हा तिच्याकडे आलं. आबा उठले. “देवीच्या दारात हात पसरायला लाज कसली,” असं कुणालाच उद्देशून पुटपुटत त्यांनी नातीपुढे ओंजळ धरली. नात देईना.

“आदी म्हना,” ती म्हणाली.

आणि सुभेदार आबांनी साऱ्या गावादेखत ते वाक्य म्हटलं. माझ्या डोळ्यांना धार लागली. वर्ग राहिला.

जन्मभर मी देवीपुढे उभी राहून तिच्या हातातला बैल ओढत होते. मागायचं कसं, हे मीच शिकवलेल्या वाक्यात होतं आणि मलाच येत नव्हतं. माझा आवाज अजून चढतो, गुरं अजून दचकतात. पण देवळात गेले की आता धमक्या देत नाही. हात पुढे करते, तेवढंच वाक्य म्हणते आणि थांबते. कधी मिळतं. कधी तिचं अजून झालेलं नसतं.