मी बरोबरी मागितली तो डाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? — माहीत नाही.

मृणाल आणि मी वसईजवळच्या होळी गावच्या. तिच्या वाडीत, केळींच्या सावलीत आम्ही बुद्धिबळाचा पट मांडून बसायचो. ती माझ्याहून सरस होती. इटालियन ओपनिंग नावाच्या सुरुवातीत चौथ्या खेळीला एक प्यादं फुकट द्यायचं आणि हल्ला चढवायचा — हे मला तिनेच शिकवलं. महिनाभर, न कंटाळता. माझे बाबा मात्र घरी म्हणायचे, "मृणालसारखं डोकं हवं." रोज. — पण हे कारण म्हणून सांगत नाहीये.

बारावीच्या वर्षी विरारला एका हॉलमध्ये जिल्ह्याची निवड स्पर्धा होती. पुढे राज्य स्पर्धेला जायला दोनच जागा. मृणालला तिच्या वडिलांनी बजावलं होतं, "यंदा झालं तर झालं, नाहीतर खेळ बंद." शेवटच्या फेरीत तिचा डाव आधी संपला. आता सगळं माझ्या पटावर होतं. मी जिंकले, तर आम्ही दोघी जाणार. बरोबरी झाली, तर मी आणि समोरची मुलगी.

मी मृणालचंच ओपनिंग खेळले. समोरच्या मुलीने प्यादं खाल्लं आणि विसाव्या खेळीपर्यंत तिचा राजा उघडा पडला. हत्तीचा एक शह — की वजीर पडत होता. मला ते दिसलं होतं. लख्ख दिसलं होतं. दोरीपलीकडे मृणाल उभी होती, नखं खात.

आणि मला वाटलं — कसं सांगू? — एकदा तरी हिच्याशिवाय जावं. बाबांनी एकदा तरी फक्त माझं नाव घ्यावं.

मी मान वर केली. "ड्रॉ?"

ती मुलगी क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली. मग घाईघाईने तिने हात पुढे केला.

बाहेर आल्यावर मृणालने विचारलं, "अगं, हत्तीचा शह होता ना?"

"दिसलाच नाही गं," मी म्हणाले. आणि रडले. खरंच रडले — कशासाठी? तिनेच मला जवळ घेतलं. "जाऊ दे. तू तरी चाललीस."

तिच्या वडिलांनी शब्द खरा केला. ती परत कधी खेळली नाही.

आता ती विरारला राहते, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. गेल्या महिन्यात तिने मला जेवायला बोलावलं. मी हात धुवायला उठले, तेव्हा स्वयंपाकघरातून तिचा दबका आवाज आला. नवऱ्याला सांगत होती, "बुद्धिबळाचा विषय काढू नकोस हं तिच्यासमोर. त्या डावाचं तिने अजून मनाला लावून घेतलंय."

मी येऊन ताटावर बसले. तिने मला भात वाढला. मी जेवले.