अधिकातलं मेहूण

अमेरिकेतल्या कॅरी गावात नीलांबरी आणि शैलेंद्रच्या घरी कुणी जेवून निघालं की दारात चपला घालता घालता म्हणायचंच, जोडा बघावा तर असा, अगदी लक्ष्मीनारायणाचा. मंडळाच्या गणपतीत दोघं शेजारी उभी राहून आरती करायची. ज्याने त्याने एकेक पदार्थ न्यायच्या पॉटलकला ती पुरणपोळ्या न्यायची, तो टेबलं मांडायचा. लोकांना आणखी काय लागतं? शैलेंद्र गेली तीन वर्षं गॅरेजवरच्या खोलीत झोपतो, हे लोकांना कळायचं काही कारण नव्हतं.

भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. झालं असतं तर बरंच होतं, त्या निमित्ताने चार शब्द तरी बोलले गेले असते. शैलेंद्र पीत नव्हता, हात उचलत नव्हता, जवळच्या आरटीपी या उद्योगवसाहतीतल्या औषध कंपनीतली नोकरी इमानेइतबारे करत होता. फक्त तिने सकाळी काही विचारलं की उत्तराला दुसरा दिवस उजाडायचा. मुलगी रुही कॉलेजला गेली आणि दोघांना बोलायला डिशवॉशर तेवढा उरला. एका रविवारी कोथिंबीर निवडताना नीलांबरी म्हणाली, आपण वेगळं होऊ या. तो सोमवारी संध्याकाळी म्हणाला, "बरं."

वेगळं व्हायचं म्हणजे घर विकणं आलं. कर्ज दोघांच्या नावावर, तेही जुन्या, स्वस्त व्याजाचं. हल्लीच्या व्याजात एकट्याने नवं कर्ज काढून दुसऱ्याचा हिस्सा द्यायचा, हे दोघांपैकी कुणालाच झेपणारं नव्हतं. आत्ता विकू नका, बाजार बरा नाही, असं जो तो सांगत होता, आणि त्या सल्ल्यापायी दोन वर्षं एकाच छपराखाली गेली. यंदा मात्र नीलांबरीने कंबर कसली. शेजारच्या रॉली शहरात तिने एक भाड्याची जागा बघून ठेवली होती. एक झोपायची खोली आणि दोन माणसं उभी राहणार नाहीत एवढं स्वयंपाकघर. त्या एवढ्याशा ओट्यापुढे उभं राहून ती एकटीच हसली होती.

एजंटबाई आल्या, घरभर फिरल्या आणि हुकूम सोडून गेल्या. भिंतीवरचे फोटो काढा, देव कपाटात ठेवा, घर विकेपर्यंत फोडणी बंद. नीलांबरीने महिनाभर सँडविचं खाल्ली आणि हिंगाचा वास जावा म्हणून पडदे दोनदा धुतले. एवढं ठीक होतं. पण गॅरेजवरच्या खोलीत पलंग पाहून बाईंनी मान हलवली. तिथे मुलांची खेळायची खोली दिसली पाहिजे, आणि मोठ्या बेडरूममध्ये दोन सारख्या उशा, दोन सारखे दिवे. घर घेणाऱ्याला सुखी जोडपं डोळ्यांपुढे यायला हवं म्हणे. झालं. शैलेंद्रचा पलंग मोडून स्टोरेजमध्ये गेला. तो रात्री हवेच्या गादीवर झोपायचा आणि सकाळी तिची हवा काढून ती गाडीच्या डिकीत टाकायचा. ज्या संसारातून बाहेर पडायचं, तोच संसार रोज सकाळी मांडून ठेवायचा. नीलांबरीला उशांचे अभ्रे चढवताना रडू यायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

लोक घर बघायला आले की मालकांनी बाहेर जायचं, अशी इथली रीत. दोघं एका गाडीत बसून ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये थांबायची. तो फोन बघायचा, ती काचेतून ढकलगाड्या बघायची. एक गिऱ्हाईक ठरून फिरलं, दुसऱ्याला शाळा पसंत पडली नाही. उन्हाळा तोंडावर आला, आणि रॉलीच्या जागेचा मालक आता किती थांबू म्हणून विचारू लागला.

अशात देवांग आणि स्वानंदी घर बघून गेले. साताऱ्याचं तरुण जोडपं, सोबत देवांगची आई, सुलेखाकाकू, सहा महिन्यांसाठी आलेल्या. काकूंनी घर पाहिलं आणि विचारलं, माणसं कुठायत? माणसं बघितल्याशिवाय वास्तू घ्यायची नाही, असं त्यांनी मुलाला बजावलं. मग काय, स्वानंदीने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून नंबर काढला, दोन्ही एजंटांना वळसा घातला आणि रविवारी तिघंही चहाला हजर.

काकू मऊ बोलणाऱ्या, बारीक चणीच्या. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "वास्तू लाभली ना हो तुम्हाला?"

नाही म्हणावं तर घर विकलं जात नाही, हो म्हणावं तर जन्माचं खोटं. नीलांबरी शब्द शोधते आहे तोवर शैलेंद्र, एक दिवस उशिरा बोलणारा तो शैलेंद्र, चटकन म्हणाला, लाभली ना, रुही इथेच मोठी झाली, सगळं इथेच मिळालं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. तीही हो म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ऑफर आली, मागितल्या किमतीची. आणि त्यापाठोपाठ काकूंचा फोन. अधिक महिना चाललाय, तेव्हा करारावर सही आत्ता, पण घराची खरेदी तो संपल्यावर. पण त्याआधी तुम्ही दोघं आमच्याकडे मेहूण म्हणून जेवायला या. ज्यांच्या वास्तूत जायचं, त्यांचंच मेहूण, याहून चांगलं काय!

अधिकात नवरा-बायकोला पाटावर बसवून, पाय धुऊन, पूजा करून जेवू घालायचं, लक्ष्मीनारायण समजून. नीलांबरीने लहानपणापासून पाहिलेलं. ती फार देवभोळी नव्हती, पण काही गोष्टी अंगात मुरलेल्या असतात. मोडलेल्या जोडप्याने मेहूण म्हणून जेवणं म्हणजे वाढणारीच्या पुण्यावर डल्ला मारणं, असं तिला वाटलं आणि रात्रभर वाटत राहिलं. जात नाही म्हणावं तर कारण काय सांगणार? करारात तपासणीची मुदत अजून संपायची होती. तोवर ते लोक कुठलंही कारण न देता मागे फिरू शकत होते. रुही फोनवर म्हणाली, "जस्ट टेल देम, आई. इट्स नॉट अ क्राइम." पोरीचं बरोबर होतं, फक्त तिला सुलेखाकाकूंचा चेहरा माहीत नव्हता. शैलेंद्रला विचारलं तर तो म्हणाला, उद्या सांगतो.

त्याचा उद्या यायच्या आत जेवणाचा दिवस आला. नीलांबरीने पैठणी नेसली, त्याने सिल्कचा कुर्ता घातला. दोघं आरशात अशी शोभत होती की तिला शिसारी आली.

देवांगच्या अपार्टमेंटमध्ये सोफे सरकवून पाट मांडले होते, भोवती रांगोळीचे स्टिकर. तांब्याच्या ताटात अनारसे रचलेले, वर दिवा. देवांगचे बाबा गेल्यापासून काकू हळद-कुंकवाला पुढे होत नसत, पूजा स्वानंदी करणार होती. शैलेंद्र पाटावर बसलासुद्धा. नीलांबरीचा पाय मात्र पुढे पडेना. पाणी पिऊन येते म्हणून ती स्वयंपाकघरात शिरली. काकू एकट्याच पुरण वाटीत काढत होत्या.

"काकू, मला त्या पाटावर बसवू नका," ती हळूच म्हणाली. "आम्ही वेगळं होतोय. घर त्यासाठीच विकतोय. मी तुमच्याशी खोटं बोलले."

काकूंचा हात थांबला. बाहेर देवांग काहीतरी विनोद करत होता आणि शैलेंद्र हसत होता. व्यवहार गेला, रॉलीची जागा गेली, हवेची गादी आणखी एक वर्ष, एवढं सगळं तेवढ्या वेळात नीलांबरीच्या मनात येऊन गेलं. तरी बोलल्याचा तिला पश्चात्ताप झाला नाही.

काकूंनी दार अर्धं ओढून घेतलं. त्या रागावल्या नव्हत्या. थकल्यासारख्या दिसत होत्या.

"पोरांना सांगू नकोस, ती घाबरतील," त्या म्हणाल्या. "जाऊन बस, आणि पोटभर जेव."

"पण काकू, पाप लागेल."

"दर अधिकात आम्हा दोघांना अख्खी आळी मेहूण म्हणून बोलवायची. देवांगचे बाबा माझ्याशी घरात एक अक्षर बोलत नसत. मी पाय धुऊन घेतले, साड्या घेतल्या, अनारसे घेतले आणि परत त्याच घरी गेले." त्यांनी पुरणावर तुपाची धार सोडली आणि वाटी तिच्या हातात दिली. "तुला विकायला घर तरी आहे गं. माझ्या नावावर एक वीट नव्हती."

नीलांबरी वाटी घेऊन बाहेर आली. स्वानंदीने वाटी तिच्या हातातून घेतली आणि पाट दाखवला. ती शैलेंद्रच्या शेजारी बसली आणि धुऊन घ्यायला तिने पाय पुढे केले.