एका तारेत दोन रंग

आमच्या साडूभाऊंइतका, अर्धी रिकामी वस्तू पाहून कासावीस होणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल. केसाएवढ्या काचेच्या तारा जोडण्यात त्यांचा जन्म गेला; इंटरनेट त्या तारांतून उजेड होऊन धावतं म्हणे. त्यामुळे नळी, रांग, पाऊलवाट काहीही दिसलं की यांचा एकच प्रश्न, "याच्यातून अजून किती जाईल?" सिंदी मेघेला पुतणीच्या लग्नात त्यांनी एकाच पंगतीत दोन्ही टोकांकडून वाढपी सोडले. वरणाची बादली नेमकी माझ्यासमोर भाताच्या परातीवर आदळली. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "उजेड उजेडाले धडकत नाई, मास्तर. माणसंच धडकतात." मी सदरा धुवायला गेलो.

अशा माणसाच्या भरवशावर यंदा आमची वांगी होती. नालवाडीच्या आमच्या वावरातून जुनी केबल गेली आहे. ती भरली, आता नवी टाकायला नाली खोदू, असं कंपनीचा माणूस सांगून गेला, आणि झाडं नुकती फळाला आलेली. बायको रोज वावरात जाऊन झाडं मोजून यायला लागली. साडूभाऊ मात्र उखडले. "भरली काऊन म्हणते तो? एकच रंग जाऊन राह्यला तिच्यातून. दुसऱ्या रंगाचा उजेड सोडा, दोघं एकमेकांत मिसळत नाई."

कंपनीच्या साहेबांच्या मागे लागून त्यांनी एका रंगात बोलून दुसऱ्या रंगात ऐकणाऱ्या दोन डब्या मिळवल्या आणि तारेच्या दोन्ही टोकांना बसवल्या. पलीकडे काहीच पोचेना. खोदायचं यंत्र धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, येऊन उभं राहिलं, बायको त्याच्यासमोर वाफ्यात. तेवढ्यात साडूभाऊंनी कपाळावर हात मारला. घाईत दोन्हीकडे एकाच जातीची डबी लागली होती. दोघी एकाच रंगात बोलत होत्या आणि दुसऱ्या रंगाची वाट पाहत होत्या. एक बदलली आणि दुपटीनं जायला लागलं. यंत्र आल्या वाटेनं परत गेलं.

"मलाही दाखवा की तो रंग," मी म्हणालो.

"तपासायचा लाल उजेड दिसते. कामाचा नाई दिसत डोळ्याले. मशीनवर आकडा येते, तेवढंच."

"मग इतकी वर्षं तुम्ही पाहिलंत तरी काय?"

ते धुऱ्यावर टेकले. समोर बायको वांगी तोडत होती. तिकडे पाहत ते म्हणाले, "आजवर जोडलेलं कायी दिसलं नाई, बाप्पा. हे उभं वावर पयल्यांदा दिसून राह्यलं."

या माणसाला आम्ही जन्मभर हसलो, याची मला फार लाज वाटली. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.