फीलसाहेबांच्या पिशव्या

फीलसाहेब पिशवी कानाने निवडायचे. सॅम्पल हातात दिलं की ते डोळे मिटायचे, पिशवीची कड चिमटीत धरून कानापाशी चोळायचे आणि मग मान हलवायचे. "नाही भाई. फील येत नाही." कापडी पिशवी झाली, ज्यूटची झाली, कागदाची झाली, नॉन-वोव्हन झाली. साहेबांना फील काही आला नाही. खरं नाव मोठं भारदस्त होतं, पण आमच्या दुकानात त्यांना फीलसाहेबच म्हणत.

बहारीनच्या नईम भागात, एका गल्लीत आमचं छपाईचं दुकान. कॉफीचे मग, पेन, टोप्या, पिशव्या, जे म्हणाल त्यावर नाव छापून देतो. मी चिपळूणकडचा, कोकणी मुसलमान, दुकानात विक्री बघतो. साहेब पुण्याचे, एका बड्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि त्या वर्षी इथल्या एका मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचे प्रमुख. प्रसादासाठी त्यांना पाचशे पिशव्या हव्या होत्या. बहारीनमध्ये उंट आता क्वचितच दिसतो, पण उंटावरचा शहाणा हवा असेल तर पत्ता मी देतो.

त्यांच्यापुढे मी एवढा का वाकत होतो, तेही सांगतो. धंदा बसला होता आणि माझा व्हिसा दोन महिन्यांत संपत होता. सेठने स्पष्ट सांगितलं होतं, "ही ऑर्डर आण, रिन्यूअलचं मी बघतो. नाही तर खलास, तिकीट काढ." मुलगी इथे चौथीत शिकत होती. वर्षाच्या मध्येच तिला उचलून कुठे नेणार होतो? म्हणून साहेबांनी बोलावलं की मी निघायचो.

बोलवायचे जुफैरला, घरी. अठराव्या मजल्यावर. गाडी लांब लावून, दमट उन्हात गठ्ठा सांभाळत मी पोचायचो, तर साहेब मला दारातल्या पायपुसण्यावरच उभं करायचे. पाणी वहिनी आणून द्यायच्या, साहेबांना ते कधी सुचलं नाही. केशरी रंगाचे अकरा नमुने मी नेले. अकराही त्यांनी खिडकीशी धरून बघितले आणि म्हणाले, "यातल्या एकातही भक्ती नाही." आता रंगात भक्ती कुठून मिसळू? शाईच्या डब्यात तसली बाटली येत नाही.

एकदा स्वतः दुकानात आले आणि रिकामी पिशवी खांद्याला लावून गल्लीतून चालून बघितली. जाताना एक ऐट, येताना दुसरी. समोरच्या चहावाल्याने गिऱ्हाइकं सोडून तो तमाशा पाहिला. मी म्हटलं, "साहेब, आत नारळ आणि लाडू घालून चाला ना." ते म्हणाले, "भाई, वजन महत्त्वाचं नाही. इंप्रेशन महत्त्वाचं." सल्ला विचारणं या माणसाच्या पत्रिकेतच नव्हतं. नाकाने कांदे सोलायचे आणि डोळे दुसऱ्याचे चुरचुरायचे.

शेवटी ठरलं ते असं: पिशवीच्या दोन्ही बाजूंना गणपतीचं मोठं चित्र आणि खाली साहेबांचं नाव. वहिनी तेव्हा दुकानातच होत्या. मला राहवलं नाही. आमच्या गावी शेजार गुरवांचा. वर्ष संपलं तरी गणपतीचं चित्र असलेलं कॅलेंडर त्यांची आई कधी फेकत नसे, खाडीवर जाऊन सोडून यायची. मी म्हटलं, "साहेब, पिशवीवर बाप्पा नको. लोक त्यातून मासळी आणणार नाहीत, चपलांशेजारी ठेवणार नाहीत, आणि फाटली तर टाकणार कुठे? मंडळाचं नाव छापा, एक दूर्वांची जुडी काढा, बस."

साहेब हसले. म्हणाले, "आमचा बाप्पा आता तुम्ही आम्हाला शिकवणार?"

काय सांगू, कान तापले माझे. पण मुलगी चौथीत होती. मी प्रूफ पुढे केलं आणि त्यांनी सही केली.

कार्यक्रमाच्या दिवशी पिशव्या पोचवून मी बाजूला उभा होतो. लोक प्रसाद घेत, नारळ आणि लाडू स्वतःच्या पर्समध्ये नाही तर रुमालात बांधत, पिशवीला नमस्कार करत आणि नीट घडी घालून ती परत टेबलावर ठेवत. एक आजी तर साहेबांना सरळ म्हणाल्या, "अहो, गाडीत पायाशी बाप्पा ठेवून जाऊ का मी?" दुपारपर्यंत टेबलावर साडेतीनशे पिशव्यांचा ढीग झाला. कचऱ्यात टाकायची कुणाची छाती होईना. अखेर साहेबांनीच तो ढीग आपल्या गाडीत भरला. मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, पोटभर आलं.

दोन दिवसांनी हसू जिरलं. साहेब वहिनींना घेऊन दुकानात आले आणि सेठला म्हणाले, "तुमच्या माणसाने आम्हाला सावध करायला नको? मंडळात माझी शोभा झाली. याला काढा, नाही तर आमच्या कंपनीचं काम विसरा." सेठने माझ्याकडे बघितलं. कंपनीचं काम मोठं होतं आणि मी लहान.

तेवढ्यात वहिनी बोलल्या, आवाज न चढवता. "अहो, त्यांनी सांगितलं होतं. मी इथेच उभी होते. तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत, तेही सांगू का?"

साहेबांनी खिशातून मोबाईल काढला आणि कुणाचाही फोन आलेला नसताना कानाला लावून बाहेर गेले. माझा व्हिसा झाला. माफीचा एक शब्द त्यांनी त्या दिवशी म्हटला नाही, नंतरही नाही.

दोन वर्षांनी त्यांच्या कंपनीने त्यांचा विभागच बंद केला. वहिनी आधीच पुण्याला गेल्या होत्या. बहारीन सोडून जाण्याआधी साहेब एकटेच दुकानात आले. ऑफिसातल्या लोकांना निरोपाची भेट द्यायची होती, त्यासाठी वीसेक पिशव्या हव्या होत्या. मी सॅम्पलं मांडली. त्यांनी एकही कानाला लावली नाही. नुसती बघितली आणि म्हणाले, "भाई, तुम्हीच सांगा. कोणती घेऊ?"

मी म्हटलं, "साहेबांची मर्जी."

त्यांनी मान हलवली, हाताशी होती ती पिशवी उचलली आणि म्हणाले, "हीच द्या."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं, कसा टोला हाणला ते. ती तांदळाची भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "विचारलं ना त्याने? मग सांगायचं होतंत."