अर्ध्या इंचाची परवानगी

बांधकामाचे नकाशे मंजूर करणाऱ्या कचेरीत साहेबांनी एकतीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात निम्म्या गावाचे नकाशे माघारी धाडले. जिना अर्धा इंच अरुंद, परत. खिडकी अर्धा इंच खाली, परत. लोक तोंडावर साहेब म्हणत, पाठ फिरली की ‘अर्धा इंच’.

निवृत्तीनंतर परत पाठवायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी सगळा जीव वडिलांच्या जुन्या मोटारीत ओतला. रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. कचेरीतले झाडून सगळे येणार आणि आपण बॉनेट उघडून उभे राहणार, हे साहेबांनी मनात शंभरदा पाहिलं होतं. त्यासाठीच इंजिनाचा धूर बाहेर नेणारा बिडाचा काळा ठोकळा काढून तिथे बसवायला त्यांनी परदेशातून चार चकचकीत नळ्यांचा हेडर मागवला. खोकं आल्यापासून फडकं हातातून सुटेना.

"अहो, पोरं लहान होती तेव्हा त्यांची नाकं अशी पुसली असतीत, तर!" बायको म्हणाली.

शुक्रवारी मिस्त्रीच्या गॅरेजात गंजलेले नट सोडवण्यातच दुपार झाली. हेडर बसला. मिस्त्रीने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. लोण्यासारखं फिरलं. उजवीकडे फिरवलं.

टण्.

मिस्त्री बॅटरीचा झोत टाकत वाकला आणि गालात हसतच वर आला. "साहेब, हा माल डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा. आपलं उजवीकडे. स्टिअरिंगचा दांडा नळीला अडतोय."

"कितीने?"

मिस्त्रीने अगदी सावकाश पट्टी लावली. "सांगू? अर्धा इंच."

साहेबांचा चेहरा उतरला.

"नळी तापवून एक पोचा पाडतो, की झालं."

"हातोडा? ह्या नळीला? शक्य नाही!"

"मग अशीच न्या. डावीकडेच वळत राहा, रविवार संध्याकाळपर्यंत पोचाल प्रदर्शनाला."

साहेब तासभर स्टुलावर नळ्यांकडे बघत बसले. शेवटी पुटपुटले, "पाड."

"तसं कसं? लेखी द्या." मिस्त्रीने खणातून एक पिवळा पडलेला कागद काढला. ह्याच गॅरेजचा नकाशा, तीनदा परत आलेला. कोपऱ्यात साहेबांच्याच हातची लाल शाई : दार अर्धा इंच कमी. "ह्याच्या पाठीवर लिहा."

साहेबांनी लिहिलं, ‘सदर नळीस अर्धा इंच पोचा पाडण्याची परवानगी असावी.’

मिस्त्रीने दोनदा वाचलं. "नकाशा जोडलेला नाही."

साहेबांनी निमूट पेन्सिल मागितली आणि नळी, दांडा, पोचा सगळं मापात काढून दिलं. हात अजून तस्साच होता. मिस्त्रीने नळी लाल होईतो तापवली, दोन ठोके घातले आणि म्हणाला, "मंजूर."

रविवारी गाडी उजवीकडेही झोकात वळली. मैदानात कचेरीतले जुने कारकून गोळा झाले. "साहेब, बॉनेट उघडा की! बघू तरी!"

साहेब बॉनेटला पाठ लावून उभे राहिले.

"अर्ज करा," ते म्हणाले. "तीन प्रतींत."